सनईचा एकटीचा कार्यक्रम

वाद्यं आपली आपण वाजत, त्या काळची ही गोष्ट. भोरपाड्याच्या देवळात सनई, सूर आणि चौघडा असा ताफा होता आणि पंचक्रोशीतलं एकही लग्न त्यांच्यावाचून लागत नसे.

सूर हा सनईचा थोरला भाऊ, तिच्यासारखंच फुंकायचं पण तिच्यामागे आधाराचा स्वर धरणारं वाद्य. त्याला एकच स्वर यायचा आणि तो सबंध वेळ तेवढाच धरून बसायचा. सनईला हे खुपायचं.

"दादा, घाम मी गाळायचा, तू नुसतं घूं करत बसायचंस, आणि नाव मात्र ताफ्याचं," ती एकदा म्हणाली.

"मी धरून ठेवतो म्हणून तुला श्वास घेता येतो, बाई."

"माझा श्वास मी बघून घेईन," म्हणत सनई निघाली.

तिच्या एकटीच्या कार्यक्रमाला मांडव भरला. तिने अशी तान घेतली की पेंगणारे म्हातारेही ताठ बसले. मग तिने श्वास घेतला. मागे स्वर धरायला कुणी नव्हतं, त्यामुळे सगळं एकदम शांत झालं. संपलं असं समजून लोकांनी टाळ्या वाजवल्या आणि मागची रांग जेवायला उठली.

सनई सुखावली. ताफ्यात असताना मध्येच टाळ्या कधी पडल्या नव्हत्या. ती पुन्हा वाजली, पुन्हा थांबली. पुन्हा टाळ्या पडल्या आणि आणखी एक रांग उठली.

अकराव्या वेळी टाळ्या एकट्या मांडववाल्याने वाजवल्या. त्याला सतरंज्या गुंडाळायच्या होत्या.

सनईने सुराला निरोप धाडला, "दादा, एका कार्यक्रमात अकरा वेळा टाळ्या. तुझ्या जन्मात कधी पडल्या होत्या का?"

सूर तेव्हा नव्या सनईमागे स्वर धरून बसला होता. उत्तर द्यायला त्याचं तोंड मोकळं नव्हतं.