डबकूची थक्क करणारी माहिती

तळ्याला सिमेंटचा काठ नव्हता, तेव्हाची गोष्ट. डबकू नावाच्या बेडकाला गाण्याची भारी हौस, पण ऐकायला कुणी थांबत नसे. मग त्यानं युक्ती काढली. गाण्याआधी तो ओरडायचा, "ऐकाल तर थक्क व्हाल. घुबडाला डोळे फिरवता येत नाहीत." अख्खं तळं गोळा व्हायचं. गाणं सुरू झालं की पांगायचं.

"अरे, गाणं कोण ऐकतंय?" कासवमावशीनं विचारलं.

"मावशी, गर्दी बघ की," डबकू म्हणाला.

एका सकाळी तो ओरडला, "ऐकाल तर थक्क व्हाल. सापाला कानाची भोकंच नसतात." कधी नव्हे एवढी गर्दी लोटली. ती गर्दी बघून सापही आला.

"आणखी एक सांगतो," साप म्हणाला. "आम्ही चावून खात नाही. अख्खं गिळतो."

"काय सांगता?" पळायचं सोडून सगळे पुढे सरकले. सापानं डबकूला गिळून दाखवलं.

"खरंच की," म्हणत सगळे घरी गेले.

पोटात डबकूनं गाणं सुरू केलं. या वेळी श्रोता उठून जाणार नव्हता. फक्त त्याला कान नव्हते, आणि ते तर डबकूनंच गावभर सांगितलं होतं.