खलाशांच्या चर्चमध्ये झोपलेल्याला का उठवत नाहीत

उत्तरेच्या थंड समुद्रावर वसलेल्या ग्रेनहावन शहरात जुनी चर्चं पाच. पहिली चार उंच मनोऱ्यांची, रंगीत काचांची. ती बघून होईपर्यंत पाहुण्यांच्या पायांचे तुकडे पडतात. पाचवं, बंदराजवळचं खलाशांचं चर्च, बुटकं आणि विटांचं. आत पाहण्यासारखं म्हणजे भिंतीवर टांगलेली एक मोडकी काठी, एवढंच. दमलेले पाहुणे बाकांवर टेकतात आणि एखाद्याचा डोळा लागतोच. त्याची बायको लाजून त्याला कोपरानं ढोसायला जाते, तेव्हा चर्च दाखवणाऱ्या वृद्ध हेडविगबाई पुढे होऊन तिचा हात धरतात. "अहो, राहू द्या. इथं झोपलेल्याला उठवत नाहीत." मग त्या समोरच्या बाकावर बसतात आणि माथियासची गोष्ट सांगतात. गोष्ट सुखाची नाही, हे आधीच बजावतात.

तीनशे वर्षांपूर्वी इथलं प्रवचन म्हणे दोन-दोन तास चालायचं. पाद्रीबुवांचा सूर एकच, वरून थंडी. झोप आली नाही तरच नवल. म्हणून नगरसभेनं एक काठीवाला नेमलेला असे. काठी चांगली आठ हात लांब, एका टोकाला पितळी गोळा, दुसऱ्या टोकाला कोल्ह्याचं शेपूट. पुरुष पेंगला तर बरगडीत गोळा, बाई पेंगली तर गालावर शेपूट. जुना काठीवाला भला माणूस होता, निम्म्या वेळा बघून न बघितल्यासारखं करायचा. तो वारला आणि काठी माथियासच्या हाती आली.

माथियास दोर वळायचा. बायको वारलेली, एकुलती मुलगी एलिन लग्न होऊन पलीकडच्या बेटावर गेलेली. माणूस सरळमार्गी. कुणाची गय करणार नाही, अशी त्यानं धर्मग्रंथावर हात ठेवून शपथ घेतली आणि पहिल्याच रविवारी खुद्द नगराध्यक्षाच्या बरगडीत गोळा मारला. शहरभर वाहवा झाली, माथियासची छाती फुगली. खरेपणाचीही नशा चढते माणसाला, असं हेडविगबाई म्हणतात.

शेवटच्या बाकावर उल्रिक बसायचा. भूशिरावरच्या मनोऱ्यात एक मोठी लोखंडी शेगडी होती. अंधार पडला की तिच्यात कोळसा पेटवायचा आणि जहाजांना वाट दाखवायची, हे त्याचं काम. त्याचा जोडीदार तापानं गेला, नगरसभेनं दुसरा नेमलाच नाही. तिकडचा हिवाळा म्हणजे दुपारी तीनला अंधार, तो सकाळी नऊपर्यंत. तेवढा वेळ एकटा माणूस जागा, आणि दिवसा कोळसा वर वाहून न्यायचा. सलग झोप मिळायची ती रविवारी प्रवचनात.

माथियासनं त्याला पहिल्या रविवारी उठवलं, दुसऱ्याही. मग एका शनिवारी उल्रिक दोरखान्यात आला, टोपी हातात धरून.

"माथियासदादा, माझी एवढीच झोप आहे हो. मागं बसतो, घोरत नाही. कुणाला कळायचंही नाही."

"मला कळेल ना," माथियास म्हणाला. "आज तुला सोडलं, तर उद्या कुणाला कुठल्या तोंडानं उठवू?"

दुसऱ्या दिवशी नाताळाआधीचा रविवार. एलिन चार वर्षांनी माहेरी येणार होती, सोबत तान्हं मूल, आजोबांनी अजून न पाहिलेलं. माथियासनं सकाळपासून तिची खोली उबदार करून ठेवली होती. आनंदात त्याचा हात जरा जास्तच चालला म्हणतात. उल्रिकला त्यानं तीनदा ढोसलं. तिसऱ्या खेपेला उल्रिकच्या डोळ्यांत पाणी आलं. माथियासनं ते पाहिलं आणि पुढच्या बाकाकडे वळला.

उल्रिक मनोऱ्यावर परतला आणि ओले बूट काढायला पायरीवर टेकला. तिथंच त्याला झोप लागली. तीन वाजले, अंधार पडला, शेगडी थंडच. चारच्या सुमारास बेटाकडून येणारी होडी खडकांवर फुटली. अकरा जण होते, एकही वाचला नाही. माथियास धक्क्यावर घोंगडी घेऊन उभा होता.

तिसऱ्या दिवशी याच चर्चमध्ये न्यायसभा बसली. झोप का लागली, असं विचारल्यावर उल्रिक एवढंच म्हणाला, "डोळा लागला." प्रवचनात झोपायचो म्हणावं, तर तो आणखी एक गुन्हा. फाशी ठरल्यातच जमा होती. माथियासला लोकांनी मानानं पहिल्या बाकावर बसवलं होतं. "या बापाकडे बघा," पाद्रीबुवा म्हणाले, आणि बायका रडल्या. माथियासनं नुसतं गप्प राहायचं होतं. अर्धा दिवस तो राहिलाही. माझी पोर गेली, आता ह्याला वाचवून ती थोडीच परत येणार आहे, असंही त्याच्या मनात आलं म्हणे. गावानं ही गोष्ट कधी लपवली नाही.

शिक्षा वाचायची वेळ आली, तर उल्रिक कठड्यावर डोकं टेकून झोपलेला. कोठडीत तीन दिवस त्याच्या डोळ्याला डोळा लागला नव्हता. आणि आरोपीनं शिक्षा जागेपणी ऐकावी, असा नियम होता.

"माथियास, काठी घे," नगराध्यक्ष म्हणाला. "उठव त्याला."

माथियासनं काठी उचलली, उल्रिकजवळ गेला, गोळा त्याच्या बरगडीपाशी नेला. हात पुढे जाईना. मग त्यानं काठी गुडघ्यावर घेऊन मोडली.

"ह्याला झोपू दिलं नाही ते मी," तो म्हणाला. "दोरखान्यात येऊन विनवत होता मला. पाया पडायचं तेवढं बाकी ठेवलं होतं त्यानं. माझ्या लेकीचा उजेड मीच विझवला. फाशी द्यायची तर मला द्या."

आपण चोर सोडून संन्याशाला फाशी द्यायला निघालो होतो, हे ज्याचं त्याला कळलं. मनोऱ्यावर दुसरा माणूस कुणी नेमला नाही, हेही नगराध्यक्षाला आठवलं असावं, कारण त्यानं हातातला कागद खाली ठेवला. उल्रिकला उठवायला कुणीच पुढे झालं नाही. माथियास त्याच्या शेजारी जमिनीवर बसून राहिला. बाहेर काळोख दाटू लागला, तसे नगरसभेतले दोघे न सांगता उठले आणि भूशिराकडे चालू लागले.

बऱ्याच वेळानं उल्रिक दचकून जागा झाला. आपण कुठं आहोत, आपलं काय होणार होतं, काही त्याच्या ध्यानात नव्हतं. खिडकीकडे बघून तो धडपडत उठायला लागला. "अंधार पडला! शेगडी राहिली!"

माथियासनं त्याच्या खांद्यावर हात ठेवला. "पेटवलीय. नीज तू."

शिक्षा कधीच वाचली गेली नाही. माथियासनं दोरखाना बंद केला आणि मरेपर्यंत मनोऱ्यावर उल्रिकचा जोडीदार म्हणून राहिला. रात्रपाळी तो स्वतःच मागून घ्यायचा, कारण झोप त्याला तशीही येत नव्हती.

आता तो मनोरा ढासळला आहे, बंदरात विजेचे दिवे आले आहेत. पण आजही खलाशांच्या चर्चमध्ये कुणी झोपलं असेल, तर संध्याकाळी दाराला कुलूप लागत नाही; पाळीवर असेल ते माणूस शेजारी बसून राहतं. पाहुणा दचकून उठतो, ओशाळून टोपी शोधू लागतो. मग हेडविगबाई त्याच्या खांद्यावर हात ठेवतात आणि त्याला न कळणाऱ्या आपल्या भाषेत म्हणतात, "पेटवलीय. नीज तू."