विचारून वाढलेलं पान

"तिला विचारायचं काय त्यात, सर? तिचं उत्तर मला माहीत आहे."

हे वाक्य चारुताच्या कानावर पडलं नाही. तिला ते दिसलं.

ती खाली घाटाच्या कठड्यावर बसली होती. तिचा नवरा सौमित्र आणि त्याचे सर वर मठीसमोर, औदुंबराच्या पारावर. मधे चांगलं अंतर होतं आणि वाराही उलटा होता. पण चारुता कर्णबधिर मुलांच्या शाळेत शिकवायची. मुलांना शिकवता शिकवता तिलाही ओठ वाचता यायला लागले होते.

हे सौमित्रला ठाऊक नव्हतं. त्याने विचारलं नव्हतं.

तसं त्याने काहीच विचारलं नव्हतं. लग्नाला दोन महिने होत आले. चहा कमी साखरेचा लागतो, बसमध्ये खिडकी लागते, गर्दीत डोकं दुखतं... सगळं त्याने आपणच ओळखलं होतं, आणि बरंचसं बरोबर. मैत्रिणी म्हणायच्या, "नशीबवान आहेस बाई. बोलावंसुद्धा लागत नाही."

खरंच होतं ते. बोलावं लागत नव्हतं.

"मला अरे-तुरेच करायचं हं," हेही त्यानेच सांगून टाकलं होतं. तेव्हापासून तिने त्याला कशानेच हाक मारली नव्हती.

सरांनी एके काळी सौमित्रला कॉलेजात संख्याशास्त्र शिकवलं होतं. निवृत्तीनंतर ते या ओसाड मठीत येऊन राहिले. एकटेच. सौमित्र दिल्लीला गेला आणि मोठा झाला. देशभरची माहिती आता त्याच्या यंत्रात येऊन पडे. कोणत्या गावाने किती वीज जाळली, काय विकत घेतलं, कुठला दवाखाना कधी भरला. त्यावरून तो पुढचं सांगे.

गावची शाळा हलवायची, डोंगर खोदायचा, तर आधी गावात जनसुनावणी घ्यायची असा नियम होता. सौमित्रच्या यंत्राला मात्र सुनावणीआधीच कळे, कोणतं गाव काय म्हणणार.

सुनावणीऐवजी यंत्राचाच अंदाज धरायचा, या प्रस्तावावर सोमवारी त्याची सही व्हायची होती. मग सुनावण्या बंद. त्याआधी सरांचा आशीर्वाद हवा म्हणून तो आला होता.

आणि लग्नानंतर ये-जा करून सांभाळलेली दिल्लीतली नोकरी सोमवारपासून कायमची. बायको शाळा सोडून सोबत येणार, असं त्याने वरिष्ठांना कळवूनही टाकलं होतं.

हेसुद्धा चारुताला आत्ताच, त्याच्या ओठांवर दिसलं.

तिने पायाशी पडलेला खडा उचलला. पाण्यात टाकला नाही. हातातच ठेवला.

ती वर आली तेव्हा सौमित्र रंगात होता. "सर, गेल्या वर्षी जिथे जिथे सुनावणी झाली, तिथला अंदाज आम्ही आधीच सांगून ठेवला होता. क्वचित कुठे चुकला असेल."

"लोक काय म्हणाले?"

"तेच तर सांगतोय. आम्ही सांगितलं होतं तेच म्हणाले."

"ते कळलं. म्हणताना कसे दिसत होते?"

सौमित्र हसला. "तो रकाना आमच्या तक्त्यात नाही, सर."

सरही हसले. मग गुडघ्यावर हात टेकून उठले आणि ओसरीच्या कडेला जाऊन उभे राहिले. नदीपलीकडच्या वाटेकडे तोंड करून मोठ्याने ओरडले,

"कुणी उपाशी आहे का?"

...

पाण्यावरून आवाज गेला. तसाच परत आला.

ही मठीची रीत होती. हाक घातल्याशिवाय पान वाढायचं नाही.

"सर, पूल झाल्यापासून त्या वाटेनं माणूस येतं का हो?"

"नाही येत."

"किती दिवसांत नाही?"

"मी आलो तेव्हापासून नाही."

"मग शक्यता शून्य. ओरडायचं कशाला?"

"वर्गात कोण बसलंय ते मला दिसायचंच," सर म्हणाले. "तरी मी हजेरी घ्यायचो."

सौमित्रने चारुताकडे बघून भुवया उडवल्या. म्हातारा आता असाच बोलणार, असं त्या भुवया म्हणाल्या. तेही तिला वाचता आलं.

सरांनी पानं मांडली. सौमित्रच्या ताटात तीन भाकऱ्या घातल्या. वर पिठलं, पळीवर पळी. लसणीची फोडणी तरंगत होती.

"सर... सर, पुरे! अहो!"

"गप रे. वसतिगृहात चौथ्या भाकरीसाठी आचाऱ्याशी भांडायचास."

"मला लसूण चालत नाही आता. पित्ताशयाचं ऑपरेशन झालंय माझं."

"असं कसं? माझ्या डोळ्यांसमोर शिकलास तू. माझी माहिती पक्की आहे."

"जुनी आहे ती माहिती!"

"मग नवी कुठून आणू?"

"मला विचारा ना! समोर तर बसलोय मी!"

...

पळी हवेतच राहिली.

सौमित्रच्या कानांच्या पाळ्या लाल झाल्या. पण तो काही बावळट नव्हता. त्याने ताट हळूच बाजूला केलं.

"माझं एकट्याचं ठीक आहे, सर. अख्खा देश पंगतीला बसवून कोण कुणाला विचारणार? गेल्या पावसात नदीकाठची सगळी गावं आम्ही आधीच हलवली. निव्वळ अंदाजावर. माणूस काय, शेळीसुद्धा वाहून गेली नाही. विचारत बसलो असतो तर?"

"छान केलंस," सर म्हणाले, आणि ते मनापासून म्हणाले.

"मग?"

"तो अंदाज पुराचा होता. पुराला विचारायचं नसतंच."

सौमित्रने पाण्याचा तांब्या जवळ ओढला.  

सर चारुताच्या पानाकडे वळले. पळी खाली ठेवली.

"तुला काय वाढू गं, बाई?"

साधाच प्रश्न. पण तिला आपला आवाज कुठे ठेवलाय, तो शोधावा लागल्यासारखं झालं.

"ठेचा... असला तर."

"तिला तिखट सोसत नाही, सर," सौमित्र त्याच वेळी म्हणाला.

सरांनी कोनाड्यातून बरणी काढली आणि ठेच्याचा चांगला गोळा तिच्या पानात ठेवला.

ती जेवली. डोळ्यांतून पाणी आलं. त्यातलं ठेच्याचं किती, हे तिला तरी कुठे सांगता आलं असतं?

 बाहेर एक टिटवी ओरडत नदीवरून गेली. सर आपली भाकरी कुस्करत होते. इतकं सावकाश, की जेवायला कुणी आलंय म्हणून आज जेवण लवकर संपूच नये, असं त्यांच्या मनात असावं.

मग सौमित्र तिच्याकडे वळला. आवाजात साय होती, मऊ, गोड.

"चारू, सरांसमोरच विचारतो. आपण कायमचं दिल्लीला जाऊ. तुला चालेलच ना?"

तिने त्याच्या ओठांकडे पाहिलं. प्रश्न आला होता. पण त्याच्या आधीच उत्तर पाय पसरून बसलेलं होतं.

"मघाशी पारावर म्हणालास ना," ती म्हणाली, "माझं उत्तर तुला माहीत आहे म्हणून."

'म्हणालास.' दोन महिन्यांतला तिचा पहिला एकेरी शब्द. सौमित्रच्या ते लक्षातही आलं नाही. तो दचकला होता दुसऱ्याच गोष्टीने.

"तू... ऐकलंस?"

"नाही. दिसलं."

"दिसलं म्हणजे?"

"मी मुलांना ओठ वाचायला शिकवते. मलाही वाचता येतात."

तो तिच्याकडे बघत राहिला. आपल्या घरात एक खोली आहे आणि तिचं दार आपण आजवर पाहिलंच नाही, असं एखाद्याला कळावं, तसा.

"हे मला कधी सांगितलं नाहीस?"

 सरांनी मान वर केली नाही. ताटातली भाकरी कुस्करणं मात्र थांबलं.

...

 सौमित्रने ताटाच्या कडेला बोट फिरवलं. एकदा, पुन्हा एकदा. मग बोट थांबलं. त्याने विचारलं तेव्हा आवाजात साय नव्हती. नुसता आवाज होता, थोडा घाबरलेला.

"मग... काय होतं तुझं उत्तर?"

चारुताने डावी मूठ उघडली. घाटावरचा खडा अजून हातातच होता, घामाने ओला झालेला. तिने तो दोघांच्या मधे, ओसरीच्या दगडावर ठेवला.

"तेच. तुला माहीत होतं तेच," ती म्हणाली. मग त्याच्याकडे बघत पुढे जोडलं,

"आधी विचारलं असतंस तर."