हसरं बुजगावणं

ओढ्याकाठच्या एका गावात एक सासू आणि एक सून राहायच्या. दोघींचं मिळून एकच शेत, तेही बायकांच्या पाण्याला जायच्या वाटेवर. त्या साली ज्वारी अशी टपोरी आली की बघत राहावं. पण दाणा भरला आणि पाखरांचे थवे उतरू लागले. राखणीला बसणार कोण? सासूचे गुडघे धरलेले, सून दिवसभर रोजावर. ज्वारी गेली तर वर्षभर भाकरी कशाची थापायची, हाच दोघींना घोर.

सासू म्हणाली, "बुजगावणं कर. पण असं कर, की माणूससुद्धा दचकला पाहिजे."

सुनेने घरातली अडगळ बाहेर काढली. फुटक्या मडक्याचं डोकं, बूड गेलेल्या बादलीचं पोट. झिजलेल्या केरसुणीच्या झुपकेदार मिशा केल्या, फाटक्या सुपाचे कान, दांडा मोडलेल्या पळ्यांचे हात. तोंड रंगवायला चुना घेतला, पण तिच्या हातून राक्षस काही निघेना. निघालं ते या कानापासून त्या कानापर्यंत हसू.

सासूने कपाळावर हात मारला. शेजारच्या शेतकऱ्याने तर बांधावरूनच विचारलं, "वहिनी, हे राखणीला उभं केलंय, का पाखरांना जेवायचं आवतण द्यायला?" त्याच्या शेतात दात विचकलेलं काळंकुट्ट बुजगावणं होतं.

आणि झालंही तसंच. सकाळी बघावं तर हसऱ्याच्या डोक्यावर साळुंक्या बसलेल्या. सासूने तव्याची काजळी सुनेच्या हातात दिली नि ते हसू पुसून यायला सांगितलं.

सून गेली. काजळीत बोटं बुडवली, मडक्याकडे पाहिलं, आणि तिलाच हसू फुटलं. तशीच परत आली.

"आत्याबाई, एवढा आजचा दिवस राहू द्या. नाहीच जमलं, तर उद्या माझ्या हाताने पुसते."

पोटाचा प्रश्न होता, पण सुनेचं तोंड बघून सासूला नाही म्हणवेना.

त्या दिवशी पाण्याला निघालेल्या बायकांनी ते ध्यान पाहिलं. एकीने हंडा खाली ठेवला, मग दुसरीने. एक म्हणाली, मिशा थेट आमच्या मामंजींच्या. हसता हसता निम्मं पाणी तिथेच सांडलं. संध्याकाळी पोरं आली. घरोघरची गळकी भांडी, डब्यांची झाकणं गोळा करून त्यांनी त्याला झोकात नवरी करून दिली आणि बादली बडवत वरातही काढली. मग काय, उजाडल्यापासून दिवस मावळेपर्यंत बांधावर कुणी ना कुणी असायचंच. एवढ्या गलक्यात पाखरू थांबतंय कुठलं? सगळे थवे शेजाऱ्याच्या शेतात गेले, कारण तिकडे त्या काळ्याच्या वाऱ्याला कुणी उभं राहत नव्हतं.

शेवटी शेजारी चार फुटकी भांडी घेऊन दारात आला. "वहिनी, मलाही एक करून द्या."

सासू आतून म्हणाली, "ती देईल रे करून. पण तूही जरा हसत जा. तुझ्या बांधावर थांबायचं म्हटलं की बायका पदर सावरून पळतात."

शेजारी आधी लाजला, मग खो खो हसला. सुगीला दोन्ही घरच्या कणग्या भरल्या.

तात्पर्य काय, तर धाक दाखवून राखायला गेलं की एकट्यालाच राखावं लागतं. आनंद मांडून ठेवला की राखणीला सारा गाव येतो.