पाठ फिरवणारे गाव

कांपिल्य नगरात सुबल राजा राज्य करीत होता, त्या काळी बोधिसत्त्व सार्थवाहाच्या कुळात जन्मले होते. मोठे झाल्यावर ते व्यापारी तांडा घेऊन दूरदेशी जात. त्यांच्या तांड्याच्या रक्षकांचा प्रमुख होता उग्रक. माणूस मनाने चांगला, पण राग नाकाच्या शेंड्यावर. त्याचा सगळा जीव धवल नावाच्या बैलात होता, कारण वासरू असल्यापासून त्यानेच त्याला वाढवले होते.

एकदा हा तांडा एका अनोळखी डोंगराळ मुलखात शिरला. वाटेतल्या विहिरी कोरड्या निघाल्या. दोन दिवस बैलांना पाणी नव्हते, आणि धवल तर चालता चालता खालीच बसू लागला. तिसऱ्या दिवशी सकाळी एक गाव दिसले, आणि गावामागे खळाळता झरा.

गावकरी सामोरे आले. पुढे त्यांची प्रमुख, एक म्हातारी होती. तांड्याला पाहून ती हसली आणि चक्क पाठ फिरवून उभी राहिली. तिच्यामागोमाग साऱ्या गावाने पाठ फिरवली.

उग्रकाच्या तळपायाची आग मस्तकात गेली. "स्वामी, पाहिलंत? दारी आलेल्याला पाठ दाखवतात. आता पाणी मागायचं नाही, घ्यायचं." त्याने तलवारीला हात घातला.

"थांब," बोधिसत्त्व म्हणाले. "आपण हत्यारबंद आहोत. शत्रू समोर असताना तू त्याला पाठ दाखवशील?"

"मी काय वेडा आहे?"

"मग हे तरी वेडे कशावरून? माझं चुकलं तर अपमान माझा होईल."

एवढे बोलून ते म्हातारीजवळ गेले आणि तिच्याकडे पाठ करून उभे राहिले. म्हातारीने आपली पाठ त्यांच्या पाठीला टेकवली आणि ती खुदकन हसली. मग तिच्या खांद्यावरून पाण्याने भरलेला भोपळा मागे आला.

तांड्यातले एकेक जण पाठमोरे झाले. एकटा उग्रक तेवढा ताठ उभा होता. गावकरी मान वळवून त्याच्याकडे पाहू लागले, त्यांचे हसू मावळले, आणि झऱ्याची वाट काही मोकळी होईना. उग्रकाने धवलाकडे पाहिले. तलवार सोडून खाली ठेवली, डोळे गच्च मिटले आणि तो वळला. आता मानेत भाला घुसणार, असे तो धरूनच चालला होता.

भाला काही आला नाही. पाठीला काहीतरी मऊ आणि ऊबदार टेकले. एका बाईने आपले तान्हे मूल झोळीत घालून त्याच्या पाठीला बांधले होते. ज्याच्यावर पुरता विश्वास, त्याच्याच पाठीवर मूल द्यायचे, अशी त्या गावची रीत होती.

मुलाने उग्रकाचे केस धरून ओढले. तो तसाच, मूल पाठीवर घेऊन, धवलाला हळूहळू झऱ्यावर घेऊन गेला. धवल पाणी पिऊ लागला, तेव्हा उग्रकाला रडू आले आणि रडता रडता हसू फुटले.

ही कथा सांगून शास्ता, म्हणजे भगवान बुद्ध, समोर बसलेल्या एका भिक्खूला म्हणाले, "पुण्णका, सकाळी तू तक्रार केलीस की, सीमेकडून आलेली ही वृद्ध भिक्खुणी धम्म ऐकताना डोळे मिटून घेते, म्हणजे अनादर करते. तिच्या मुलखात आदराने ऐकणारा डोळे मिटतो. त्या जन्मी उग्रक तू होतास, गावची म्हातारी ही भिक्खुणी होती, आणि सार्थवाह मीच होतो."

पुण्णक ओशाळून हसला, आणि पुढचे ऐकण्यासाठी त्याने डोळे मिटले.

शास्ता म्हणाले, "रागावण्याआधी समोरच्याची रीत समजून घेण्याइतके थांबणे, हीच क्षांती."