चार बोटं फट

"व्याही काय करतात असं कुणी विचारलं तर ठेकेदार सांग, शेतात झाडांवर राखणीचे माळे बांधतात म्हणू नकोस," मामंजी सासूबाईंना बजावत होते. मी दाराआडून ऐकलं आणि गप्प राहिले. त्या गप्प राहण्याचीच लाज जास्त.

पर्यटकांसाठी आंब्यावर बांधलेली मामंजींची खोली वाऱ्यात करकरू लागली. ती बांधणारा ठेकेदार म्हणाला, "झाड हलतंय, शेंडा छाटा." मी हळूच म्हटलं, "बाबा ठेवतात तशी खोडाभोवती चार बोटं फट ठेवा, खिळ्यांऐवजी काथ्याने बांधा." तसं केल्यावर करकर थांबली.

पहिल्या पाहुण्यांनी ती फट पाहून विचारलं, "ही अक्कल कुणाची?"

मामंजी फुगून म्हणाले, "आमच्या व्याह्यांची. मोठे ठेकेदार आहेत!"

"मामंजी, ठेकेदाराने तर झाड छाटायला सांगितलं होतं," मी म्हणाले. "माझे बाबा माळे बांधतात."