कोंडा गोठ्यात गेला

वेळ सकाळी आठची. जागा गोदाक्कांचे स्वयंपाकघर. काळ असा, की घरातली भांडीकुंडी अजून बोलत असत.

त्या दिवशी घरात बारीक छिद्रांची नवी चाळणी आली होती. पाहुण्यांना पांढऱ्याशुभ्र पोळ्या वाढायच्या म्हणून अक्कांनी गव्हाचे पीठ तिच्यात ओतले. पीठ खाली गेले, कोंडा वर राहिला.

"तू कुठला रे कोंडा? डोक्यातला की पोत्यातला?" चाळणी खिदळली.

"गव्हाचं साल आहे मी, ताई," कोंडा म्हणाला. "पिठाची पोटात साखर होते. मी सोबत असलो की ती रक्तात सावकाश उतरते, नसलो की उधळते. अक्कांना मधुमेह आहे. मला खाली जाऊ दे."

"खरखरीत मेला! पाहुणे नावं ठेवतील अक्कांना."

कोंड्याने पिठाकडे पाहिले. दोघे एकाच दाण्यात वाढलेले. पीठ आपल्या गोरेपणावर खूश होते. ते परातीत ऐसपैस पसरले.

कोंडा म्हशीच्या आंबोणात गेला. म्हैस तुकतुकीत झाली. पाहुणे जेवून गेले, पांढरी पोळी मात्र घरात मुक्कामाला राहिली. वर्षभरात अक्कांची साखर वाढली, पायाला झालेली जखम चिघळली आणि पाय गुडघ्यापासून कापावा लागला.

अक्का आता खाटेवरून उठत नाहीत. तरी त्यांच्या ताटात रोज पांढरीच पोळी येते. पीठ आता कोण चाळते, हे माणसांनी भरलेल्या त्या घरात अजून कोणीही कबूल केलेले नाही.